सहा दिवे, पंधरा दुवे: दोलकांचं नेटवर्क टेबलावर उभारून ताल कसा मोजायचा

आपापल्या वेगाने लुकलुकणारे सहा दिवे एकमेकांना जोडले, तर ते एका तालात येतात का? उत्तर जोडणीच्या जोरावर ठरतं, हे बहुतेकांना अंदाजाने कळतं. पण तितकंच ते कोण कोणाला जोडलंय यावरही ठरतं. तेच दिवे, तेवढेच दुवे, तेवढाच जोर ठेवून फक्त रांगेतल्या जागा बदलल्या, तरी एका मांडणीत ताल जुळतो आणि दुसरीत जुळत नाही. हे समीकरणात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहावं, म्हणून हा लेख आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायच्या पाटीवर) आणि मग लॅपटॉपवर जातो. इलेक्ट्रॉनिक्सची ओळख बारावीच्या प्रॅक्टिकलपुरती असली तरी चालेल.

गणिताचा पाया थोडक्यात. प्रत्येक दोलकाला, म्हणजे तेच चक्र पुन्हापुन्हा करणाऱ्या वस्तूला, स्वतःचा नैसर्गिक वेग असतो आणि चक्रात तो आत्ता कुठे आहे ते सांगणारा एक कोन असतो. या कोनाला आपण फेज म्हणू. योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये दर क्षणी फेजचा वेग असा निघतो: स्वतःचा नैसर्गिक वेग, अधिक जोडणीचा जोर 'के' गुणिले सगळ्या शेजाऱ्यांच्या 'साइन (शेजाऱ्याची फेज वजा माझी फेज)' यांची बेरीज. शेजारी पुढे असेल तर तो मला पुढे ओढतो, मागे असेल तर मागे खेचतो. मूळ मॉडेलमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाला जोडलेला होता. नेटवर्कमध्ये मात्र बेरीज फक्त ज्याच्याशी दुवा आहे त्याचीच घ्यायची.

सामान

नाशिकमध्ये हे सगळं एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळण्यासारखं आहे. एका नोडसाठी, म्हणजे नेटवर्कमधल्या एका दोलकासाठी, लागतं ते असं: एक ५५५ टायमर आयसी, एक मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर फिल्म कॅपॅसिटर, १० किलोओहम आणि २२० किलोओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर, २०० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने कमीजास्त करायचा रेझिस्टर), १० नॅनोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, एक जास्त उजेडाचा एलईडी आणि त्याच्यासाठी १ किलोओहम. हे सगळं गुणिले सहा. शिवाय दुव्यांसाठी ८२० किलोओहम, १ मेगाओहम आणि २.२ मेगाओहमचे रेझिस्टर प्रत्येकी पंधरा घेऊन ठेवा. सहा नोडमध्ये जास्तीत जास्त पंधराच दुवे होतात. दोन मोठे ब्रेडबोर्ड, ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि मोजणीसाठी एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड).

दोन वस्तूंबाबत तडजोड करू नका. पहिली म्हणजे वेळ ठरवणारा कॅपॅसिटर. दुकानदार एक मायक्रोफॅरड म्हटल्यावर सहज इलेक्ट्रोलिटिक काढून देतो. तो गळतो, त्याची धारकता छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, आणि तापमानाबरोबर ती सरकते. नाशिकच्या एप्रिलातली दुपार आणि डिसेंबरातली पहाट यांतलं अंतर पाहता सकाळी लावलेली वारंवारता संध्याकाळी सापडणार नाही. फिल्मच मागा. दुसरी म्हणजे आयसी. ५५५ ची सीमॉस आवृत्ती, म्हणजे ७५५५ किंवा टीएलसी ५५५, मिळाली तर तीच घ्या. साधी एनई ५५५ स्वस्त आहे आणि तिच्यावरही काम होतं, पण प्रत्येक वेळी आउटपुट पलटताना ती पुरवठ्यातून करंटचा मोठा झटका ओढते. त्याचा त्रास काय, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: एक नोड

आयसीच्या पायांची जोडणी: १ ग्राउंडला, ८ आणि ४ पाच व्होल्टला, ८ आणि ७ यांच्यामध्ये १० किलोओहम, ७ पासून २२० किलोओहम आणि प्रीसेट ओळीने घालून ६ ला, ६ आणि २ एकमेकांना, तिथून एक मायक्रोफॅरड ग्राउंडला, ५ पासून १० नॅनोफॅरड ग्राउंडला, ३ पासून १ किलोओहम आणि एलईडी ग्राउंडला. १०० नॅनोफॅरड आणि १०० मायक्रोफॅरड दोन्ही १ आणि ८ या पायांच्या अगदी जवळ, पायांना चिकटून लावायचे. ब्रेडबोर्डच्या टोकाला लावले तर त्यांचा उपयोग राहत नाही.

वारंवारता = १.४४ ÷ ((पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) × कॅपॅसिटर). रेझिस्टर मेगाओहममध्ये आणि कॅपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये घातला की उत्तर थेट हर्ट्झमध्ये येतं. प्रीसेट मध्यावर, म्हणजे दुसरा रेझिस्टर एकूण ३२० किलोओहम असताना, १.४४ ÷ ०.६५ = सुमारे २.२ हर्ट्झ. डोळ्याला नीट मोजता येईल असा हा वेग आहे. पहिला रेझिस्टर मुद्दाम इतका लहान घेतलाय. त्यामुळे कॅपॅसिटर भरायला आणि रिकामा व्हायला जवळपास सारखा वेळ लागतो, त्यावरचा व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश यांच्यामध्ये त्रिकोणी लाटेसारखा वरखाली होतो, आणि जोडणी कुरामोतोच्या साइनशी बरीच मिळतीजुळती वागते. दुसऱ्या एखाद्या सर्किटमधले आकडे इथे उचलून घातलेत तर हा गुण जाईल.

दिवा एकदम पेटलेलाच राहिला तर २ आणि ६ हे पाय जोडलेले आहेत का ते आधी बघा. सहा नोड लावून झाल्यावर अर्धेच चालले, तर बहुतेक वेळा ब्रेडबोर्डची पुरवठ्याची पट्टी मध्ये तुटक असते. बऱ्याच मोठ्या बोर्डांवर ती तशीच बनवलेली असते. मधल्या फटीवरून एक तार टाकली की झालं.

दुसरी पायरी: जोडण्याआधी मोजा

घाई इथेच नडते. दुवे टाकण्याआधी प्रत्येक नोड एकटा चालवून त्याची वारंवारता लिहून ठेवा. तिसऱ्या पायावरून आर्डुइनोच्या डिजिटल पिनेला तार द्या. दर एक-दोन मिलिसेकंदाला पिना वाचायच्या आणि प्रत्येक चढत्या कडेची, म्हणजे आउटपुट खालून वर जाण्याच्या क्षणाची, वेळ सिरियल पोर्टवरून लॅपटॉपला पाठवायची, एवढाच प्रोग्राम लागतो. शंभर चक्रांची सरासरी घेतली की ०.०१ हर्ट्झपर्यंत भरवसा ठेवता येतो.

मोजणी तिसऱ्या पायावरच करायची, कॅपॅसिटरवर नाही. ऑसिलोस्कोपचा एक-पट प्रोब कॅपॅसिटरला लावला की तुम्ही तिथून ग्राउंडला एक मेगाओहमचा रेझिस्टर जोडल्यासारखंच आहे, म्हणजे आपल्या दुव्याएवढाच. मोजायला गेलात आणि नेटवर्कच बदललंत, असं होतं. दहा-पट प्रोब किंवा मल्टिमीटरचा दहा मेगाओहमही थोडा फरक पाडतोच.

आता सहाही नोड एकदम चालू करा, दुवे अजून नकोत, आणि पुन्हा मोजा. वारंवारता एकट्याने आल्या तशाच यायला हव्यात. दोन नोडांच्या वारंवारता एकमेकींकडे सरकल्या असतील किंवा चक्क एक झाल्या असतील, तर ते पुरवठ्याच्या तारेतून गुपचूप जोडले गेलेत. एक आयसी पलटते, व्होल्टेजला झटका बसतो, आणि उंबरठ्यावर आलेली दुसरी आयसी त्या झटक्याने आधीच पलटते. क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६६५ मध्ये एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं आपोआप उलट-सुलट तालात येताना पाहिली, तेव्हा तो सामायिक आधार जे काम करत होता तेच इथे पुरवठ्याची पट्टी करते. भौतिकी म्हणून हे मोलाचं आहे, पण आपल्या प्रयोगात ते नको. प्रत्येक आयसीजवळचे दोन्ही कॅपॅसिटर तपासा, ग्राउंडच्या तारा आखूड आणि जाड करा, आणि तरीही भागलं नाही तर सीमॉस आयसीवर या.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. आपले दुवे मेगाओहमच्या घरातले आहेत. धूळ बसलेल्या, घामट बोटं लागलेल्या ब्रेडबोर्डवर ओल आली की शेजारच्या ओळींमध्ये गळती सुरू होते आणि न टाकलेला दुवा तयार होतो. बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाळवून घ्या.

तिसरी पायरी: दोनच नोड

दुवा म्हणजे एका नोडचा सहावा पाय आणि दुसऱ्याचा सहावा पाय यांच्यामध्ये टाकलेला एक रेझिस्टर. बस. ज्याचा व्होल्टेज जास्त त्याच्याकडून कमी असलेल्याकडे थोडा करंट जातो. रेझिस्टर जितका लहान, तितका जोर मोठा.

त्रिकोणी लाट धरून हिशोब केला तर एका दुव्याचा जास्तीत जास्त ओढा, हर्ट्झमध्ये, १ ÷ (८ × रेझिस्टर × कॅपॅसिटर) इतका येतो. यालाच इथून पुढे 'के' म्हणू. एक मेगाओहमला तो ०.१२५ हर्ट्झ. दोन नोड एकमेकांना दोन्ही बाजूंनी ओढतात, म्हणून त्यांच्या वारंवारतांमधला फरक याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ०.२५ हर्ट्झपर्यंत असेल, तर कुलूप लागतं, म्हणजे दोघं एकाच वारंवारतेवर येऊन टिकतात. हा हिशोब ढोबळ आहे, दहा-पंधरा टक्के फरक धरून चाला.

एक नोड २.१० वर आणि दुसरा २.३० वर लावा. मध्ये एक मेगाओहम टाका. काही सेकंदांत दोघांची वारंवारता २.२ च्या आसपास एक होईल. पण दिवे नीट बघा: ते एकदम पेटत नाहीत. जो मुळात जलद होता तो साधारण ५० अंशांनी, म्हणजे सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढा, आधी पेटतो. हा फरक मिटणार नाही, कारण त्या फरकातूनच हळू नोडला पुढे ओढणारा करंट मिळतो. वारंवारता एक होणं आणि फेज एक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

आता रेझिस्टर बदलून २.२ मेगाओहम टाका. मर्यादा ०.११ वर आली, फरक ०.२० आहे, कुलूप लागणार नाही. तरी दिवे एकमेकांना पूर्ण विसरतही नाहीत. बराच वेळ जवळजवळ बरोबर चालतात, मग जलद दिवा निसटतो, भराभर एक पूर्ण चक्र पुढे जातो आणि परत चिकटतो. साधारण दर सहा सेकंदांनी हे होतं. कमी वेळ पाहिलं तर 'जुळलं' असं वाटून फसायला होतं, म्हणून कुठलाही निकाल लिहिण्याआधी किमान मिनिटभराची नोंद घ्या.

चौथी पायरी: रांग, आणि जागांची अदलाबदल

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग हा. सहा नोड २.०८, २.१२, २.१६, २.२४, २.२८ आणि २.३२ हर्ट्झवर लावा. सरासरी २.२०. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर: उणे ०.१२, उणे ०.०८, उणे ०.०४, अधिक ०.०४, अधिक ०.०८, अधिक ०.१२. आता त्यांना याच क्रमाने एका रांगेत, पाच दुव्यांनी, ८२० किलोओहमने जोडा.

ताल जुळत नाही. हळू नोडांचा एक गट आणि जलद नोडांचा एक गट पडतो, आणि मधल्या दुव्यावर चक्रं निसटत राहतात.

आता एकही रेझिस्टर न बदलता रांगेतला क्रम बदला: २.०८, २.३२, २.१२, २.२८, २.१६, २.२४. सहाही दिवे एका वारंवारतेवर येतात.

कारण मोजून सांगता येतं. रांगेतला कुठलाही एक दुवा मनात तोडा आणि त्याच्या एका बाजूच्या सगळ्या नोडांची सरासरीपासूनची अंतरं मिळवा. ती बेरीज म्हणजे त्या एका दुव्याने वाहून न्यायचा भार. भार 'के' पेक्षा जास्त झाला की दुवा तुटल्यासारखा वागतो. पहिल्या मांडणीत डावीकडून बेरजा ०.१२, ०.२०, ०.२४, ०.२०, ०.१२ अशा येतात, सर्वांत मोठी ०.२४. आडव्या-तिडव्या मांडणीत त्या ०.१२, ०, ०.०८, ०, ०.०४ येतात, सर्वांत मोठी फक्त ०.१२. आणि ८२० किलोओहमचा 'के' आहे ०.१५. पहिल्या मांडणीला तो पुरत नाही, दुसरीला पुरून उरतो. ज्या जोडणीत बंद वेढा नाही, म्हणजे झाडासारखी फांद्यांची जोडणी आहे, तिथे हा नियम कुरामोतोच्या मॉडेलसाठी तंतोतंत खरा आहे.

दुसऱ्या मांडणीतही ताल जुळला नाही, तर आधी वारंवारता पुन्हा मोजा. ०.०३ हर्ट्झची चूक सहज होते आणि इथे शिल्लक तेवढीच आहे.

पाचवी पायरी: वेढा, आणि फिरती लाट

रांगेची दोन टोकं जोडली की सहा दुव्यांचा वेढा तयार होतो. सगळे नोड २.२० वर, एकमेकांपासून ०.०२ हर्ट्झच्या आत आणा, आणि दुवे २.२ मेगाओहमचे करा. वीज चालू केली की सगळे कॅपॅसिटर शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे दिवे पहिल्यापासूनच एकत्र असतात. यातून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या फेज आपण ठरवायच्या. त्यासाठी प्रत्येक आयसीचा चौथा पाय पाच व्होल्टवरून काढून आर्डुइनोच्या एकेका पिनेला द्या आणि प्रोग्राममधून त्या पिना वेढ्याच्या क्रमाने, ७६ मिलिसेकंदांच्या अंतराने वर करा. ७६ म्हणजे एका चक्राचा सहावा भाग.

उजेड वेढ्यात गोल फिरताना दिसेल आणि तसाच फिरत राहील. सहाही नोडांची वारंवारता एकच आहे, प्रत्येकजण शेजाऱ्यापासून बरोबर ६० अंशांवर आहे, आणि हलकासा धक्का दिला तरी रचना परत सावरते. पुढचा शेजारी पुढे ओढतो, मागचा तेवढाच मागे, हिशोब शून्य. शेजाऱ्यांमधला फरक ९० अंशांच्या आत असेपर्यंत ही अवस्था टिकाऊ असते. म्हणूनच चारच नोडांच्या वेढ्यात ती धड टिकत नाही, तिथे फरक नेमका ९० होतो. पहिल्या खेपेला लाट बसली नाही तर सोडण्याचं अंतर ७० ते ८५ मिलिसेकंदांमध्ये बदलून पाहा.

मग एकच जास्तीचा दुवा टाका: पहिल्या नोडपासून थेट समोरच्या चौथ्यापर्यंत. या दोघांमध्ये १८० अंशांचा फरक आहे आणि तिथे समतोल उंबरठ्यावरच्या गोटीसारखा, जरा हललं की ढळणारा असतो. एका दुव्याने सगळी लाट मोडते आणि दिवे एका तालात येतात. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या 'लहान जगा'च्या नेटवर्कमध्ये असे मोजके आडवे दुवेच सगळी किमया करतात. ती किमया इथे एका रेझिस्टरएवढी दिसते.

ताल आकड्यात कसा पकडायचा

प्रत्येक नोडच्या लागोपाठच्या दोन कडांच्या मध्ये फेज ० पासून ३६० अंशांपर्यंत सरळ रेषेत वाढते असं धरा. मग प्रत्येक फेजचा कोसाइन आणि साइन काढा, दोन्हींची वेगवेगळी सरासरी घ्या, त्या सरासऱ्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. आलेला आकडा 'आर': सगळे एकत्र असतील तर १, सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर ०. वरच्या फिरत्या लाटेत तो ० येतो, वारंवारता मात्र सहाही एकच. त्यामुळे नुसता 'आर' लिहून थांबू नका, शेजारी प्रत्येक नोडची सरासरी वारंवारताही लिहा.

आणखी एक सापळा नोडांच्या संख्येचा. काहीही जोडणी नसतानाही 'आर' शून्य येत नाही. त्याची सरासरी ०.८९ भागिले नोडांच्या संख्येचं वर्गमूळ इतकी असते. सहा नोडांना ती जवळपास ०.३६ होते. म्हणजे टेबलावर ०.४ दिसलं तर त्यावरून काहीही बोलता येत नाही. मिनिटभराची सरासरी ०.८ च्या वर स्थिर राहिली तर बोलावं.

तारा-जोडणी (तारा म्हणजे इथे स्टार), म्हणजे मध्ये एक आणि भोवती पाच, हीसुद्धा करून पाहा, पण २.२ मेगाओहमनेच. नियम असा: दुव्याचा रेझिस्टर भागिले त्या नोडच्या दुव्यांची संख्या हे उत्तर ३२० किलोओहमच्या वर राहायला हवं. नाहीतर शेजारी मिळून मधल्याचा कॅपॅसिटर इतका ओढतात की तो उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही, अडकून बसतो, आणि आपलं गणित लागू राहत नाही. पंधराही दुवे टाकून सर्वांना सर्वांशी जोडतानाही हाच हिशोब आहे, तिथे प्रत्येकाला पाच दुवे असतात.

चार जोडण्यांची तुलना एका आकड्यात होते. प्रत्येक नोडच्या दुव्यांची संख्या कर्णावर आणि प्रत्येक दुव्याच्या जागी उणे एक लिहून बनणाऱ्या लाप्लासियन मॅट्रिक्सची दुसरी सर्वांत लहान आयगेन व्हॅल्यू घ्यायची. सहा नोडांच्या रांगेला ती ०.२७, वेढ्याला १, तारा-जोडणीला १, सर्वांशी सर्वांना ६. किरकोळ विस्कळीतपणा किती लवकर निवळतो ते या आकड्यावर ठरतं. रांग सगळ्यात आळशी का, ते इथे कळतं.

नाशिक ढोलाच्या पथकात ताशाकडे बघून सगळे वाजवतात तेव्हा जोडणी बरीचशी तारा-जोडणीसारखी असते. पथक लांब पसरलं की मात्र आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. २० मीटरला जवळपास ६० मिलिसेकंद. उशिराने पोहोचणारी जोडणी हा वेगळाच प्रकार आहे, आणि वरचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

लॅपटॉपवर मोठं नेटवर्क

सहाच्या पुढे पायथन बरं, त्यातल्या नमपाय आणि नेटवर्कएक्स या दोन लायब्ररी पुरतात. ५०० नोडांचं यादृच्छिक नेटवर्क घ्या, प्रत्येकी सरासरी १० दुवे. नैसर्गिक वेग सरासरी ०, प्रमाण विचलन १ असलेल्या सामान्य वितरणातून, सुरुवातीच्या फेज ० ते ३६० अंशांत कुठेही. रुंगे-कुट्टाची चौथ्या दर्जाची पद्धत वापरा, कालपायरी ०.०५. पहिली १०० एककं टाकून द्या, पुढच्या १०० एककांची 'आर'ची सरासरी घ्या.

प्रत्येक जोडीचा साइन वेगळा काढू नका. फरकाच्या साइनचं शाळेतलं सूत्र वापरा: शेजार-मॅट्रिक्स (दुवा असेल तिथे १, नसेल तिथे ०) एकदा सगळ्या साइनच्या यादीने आणि एकदा कोसाइनच्या यादीने गुणा, मग पहिल्या उत्तराला स्वतःच्या कोसाइनने गुणून त्यातून दुसरं गुणिले स्वतःचा साइन वजा करा. मॅट्रिक्स विरळ प्रकारात ठेवली तर ५०० काय, ५० हजार नोडही साध्या लॅपटॉपवर चालतात.

'के' ० पासून ०.४ पर्यंत ०.०१ ने वाढवा. सर्वांशी सर्वांना जोडलेल्या मूळ मॉडेलमध्ये, जोर नोडांच्या संख्येने भागलेला असताना, या वितरणासाठी उंबरठा, म्हणजे ताल जुळू लागतो तो 'के', १.६० येतो. नेटवर्कमध्ये तो आकडा शेजार-मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेन व्हॅल्यूने भागायचा. आपल्या नेटवर्कला ती ११ च्या आसपास आहे, म्हणून उंबरठा सुमारे ०.१४५. 'आर'चा आलेख तिथून चढू लागला पाहिजे. तो ७०-८० च्या घरात चढत असेल, तर तुम्ही कोडमध्ये कुठेतरी 'के' नोडांच्या संख्येने भागलाय. ही चूक फार नेहमीची आहे. आलेख कितीही 'के'ला १ जवळ जात नसेल, तर नेटवर्क एकसंध आहे का ते तपासा. सरासरी तीनच दुवे ठेवले तर शंभरात पाचेक नोड पूर्ण एकटे राहतात.

त्यानंतर बाराबाशी-आल्बर्ट पद्धतीचं नेटवर्क घ्या (यात नवा नोड आधीच जास्त दुवे असलेल्यांकडे जास्त ओढला जातो), प्रत्येक नव्या नोडला पाच दुवे. सरासरी तीच राहते, पण काही मोजक्या नोडांना शंभरच्या आसपास दुवे मिळतात, सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू वाढते आणि उंबरठा खाली येतो.

शेवटचा प्रयोग: याच नेटवर्कमध्ये प्रत्येक नोडचा नैसर्गिक वेग त्याच्या दुव्यांच्या संख्येएवढा ठेवा, आणि 'के' वाढवताना दर वेळी नव्याने सुरुवात न करता मागच्या 'के'च्या शेवटच्या फेजपासून पुढे जा. 'आर' बराच वेळ तळाशी राहून एकदम उडी मारतो. मग 'के' तसाच हळूहळू कमी करत आणा. उतरताना ताल चढतानाच्या जागेवर तुटत नाही, बराच खाली येऊन तुटतो. दोन आलेख एकमेकांवर बसत नाहीत. गोमेझ-गार्देन्येस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलेलं हे स्फोटक सिंक्रोनायझेशन. इथे कालपायरी ०.०५ चालणार नाही. १०० वेगाचा नोड एका पायरीत ५ रेडियन उडी मारतो आणि उत्तरं निव्वळ कचरा येतात. ०.००२ वर या, आणि पायरी निम्मी करून उत्तर तेच येतंय ना ते पाहा.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातले २१० मेगावॉटचे संच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतात ते याच प्रकारच्या नेटवर्कमध्ये, ५० हर्ट्झवर, देशभरच्या जनित्रांशी फेज धरून. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात जोडलं गेलं. त्यांचं समीकरण लिहायचं तर आपल्या समीकरणात जडत्वाचं एक पद वाढवावं लागतं: फेजच्या वेगाबरोबर त्या वेगाचा बदलही येतो. कोडमध्ये प्रत्येक नोडला फेज आणि वेग अशा दोन राशी ठेवल्या की काम होतं. जनित्रांना अधिक चिन्हाची आणि ग्राहक केंद्रांना उणे चिन्हाची शक्ती द्या, सगळ्यांची बेरीज शून्य ठेवा, नाहीतर अख्ख्या नेटवर्कची वारंवारता एका बाजूला वाहत जाईल. मग एकेक दुवा काढून, कोणता काढल्यावर ताल तुटतो ते नोंदवत जा. चौथ्या पायरीतली भाराची बेरीज आधी हाताने करून पाहिलीत, तर कोणते दुवे आधी काढून बघायचे ते ठरवायला ती उपयोगी पडते.